नोंदवहीचे रकाने आणि गावाचे ज्ञान : जैवविविधता-माहितीच्या प्रमाणीकरणाची व देवाणघेवाणीची एक चिकित्सा

सारांश

जैवविविधतेच्या संवर्धनासाठी माहिती गोळा करणे, ती एका साच्यात बसविणे आणि सर्वांना उपलब्ध करून देणे ही आज जगमान्य कार्यपद्धती झाली आहे. मात्र माहितीचा साचा कोणी ठरवायचा, तिचा खुलेपणा कोणाच्या हिताचा आणि ती देणाऱ्याचा तिच्यावर अधिकार कोणता, हे प्रश्न तांत्रिक नसून नैतिक व सामाजिक आहेत. लोकजैवविविधता नोंदवही या भारतीय उपक्रमाच्या आधारे, विशेषतः महाराष्ट्राच्या संदर्भात, या प्रश्नांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : लोकजैवविविधता नोंदवही, प्रमाणीकरण, खुली माहिती, पारंपरिक ज्ञान, ग्रामसभा, लाभवाटप.

१. प्रस्तावना

रिओ येथे १९९२ मध्ये झालेल्या जैवविविधता कराराने दोन गोष्टी एकाच वेळी मान्य केल्या. जैविक संसाधनांवर राष्ट्रांचा सार्वभौम अधिकार आहे ही पहिली आणि संवर्धनासाठी माहितीची देवाणघेवाण आवश्यक आहे ही दुसरी. या दोन तत्त्वांमध्ये एक ताण सुरुवातीपासूनच अंतर्भूत होता. पुढील तीन दशकांत तो मिटण्याऐवजी अधिक तीव्र झाला.

२००१ मध्ये ‘ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी’ ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा स्थापन झाली. कोपनहेगन येथे सचिवालय असलेल्या या यंत्रणेकडे आज ३ अब्जांहून अधिक नोंदी आहेत. या नोंदी एकमेकींशी जुळाव्यात म्हणून ‘डार्विन कोअर’ हे प्रमाण वापरले जाते. जीवाचे शास्त्रीय नाव, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, दिनांक, नोंद करणाऱ्याचे नाव असे त्याचे ठरलेले रकाने आहेत. याच काळात भारताने वेगळा मार्ग चोखाळला. माधव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १९९० च्या दशकाच्या मध्यावर लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना आकाराला आली आणि जैवविविधता कायदा, २००२ व त्याखालील २००४ च्या नियमांनी तिला वैधानिक स्थान दिले. स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून अशी नोंदवही तयार करणे हे जैवविविधता व्यवस्थापन समितीचे मुख्य कार्य असल्याचे त्या नियमांत नमूद होते.

एका बाजूला जागतिक माहितीसाठा आणि दुसऱ्या बाजूला गावाची नोंदवही अशी ही दोन टोके आहेत. पहिल्यात माहिती हे सर्वांचे धन मानले जाते. दुसरीत ती गावाच्या जगण्याचा भाग असते. या दोहोंना जोडण्याचा प्रयत्न होतो तेथेच खरे प्रश्न उभे राहतात.

२. प्रमाणीकरणाची आवश्यकता : रानपिंगळ्याचा दाखला

प्रमाणीकरणावर टीका करण्यापूर्वी त्याचे मूल्य मान्य करणे आवश्यक आहे. त्यासाठी महाराष्ट्राशी निगडित एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. रानपिंगळा हा मध्य भारतातील छोटा घुबडवर्गीय पक्षी. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद मिळत नव्हती व तो नामशेष झाला असावा असे मानले जात होते. ब्रिटिश संग्राहक रिचर्ड मेनर्ट्झहागन यांच्या संग्रहात मात्र या पक्ष्याचा एक नमुना होता आणि तो १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळाल्याचे त्यावरील चिठ्ठीत लिहिलेले होते. प्रत्यक्षात तो नमुना १८८० च्या दशकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केलेला होता. तो चोरून, नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. पामेला रासमुसेन यांनी हा बनाव उघडकीस आणला. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या नमुन्यांच्या जुन्या ठिकाणांवर लक्ष केंद्रित केल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला.

या घटनेचा अर्थ स्पष्ट आहे. ‘कोणी, कोठे, केव्हा’ हे तीन रकाने म्हणजे कोरडी कारकुनी नव्हे. त्यांपैकी एक जरी खोटा ठरला तरी एका जातीचा शोध अनेक दशके चुकीच्या दिशेने जाऊ शकतो. अशा बनावाची तपासणी इतर नमुन्यांशी तुलना करूनच करता येते आणि तुलना करायची तर नोंदी समान पद्धतीने ठेवलेल्या व अभ्यासकांना उपलब्ध असाव्या लागतात. तेव्हा प्रमाण असावे की नसावे हा मुद्दाच नाही. प्रमाणाच्या रकान्यांत काय मावत नाही आणि जे मावत नाही त्याचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

३. नावाचा प्रश्न

प्रमाणीकरणाची पहिली पायरी म्हणजे नाव. शास्त्रीय नाव एका जीवाला एकच असावे अशी अपेक्षा असते. लोकभाषेत मात्र नावांची रचना निराळ्या तत्त्वावर झालेली असते. सह्याद्रीत ‘कुडा’ हे नाव किमान तीन भिन्न वनस्पतींना लागते. पांढरा कुडा, काळा कुडा आणि नागलकुडा या शास्त्राच्या दृष्टीने तीन वेगळ्या प्रजातींतील वनस्पती आहेत. नोंदवहीत माहिती देणाऱ्याने नुसते ‘कुडा’ म्हटले व लिहिणाऱ्याने स्वतःच्या समजुतीने शास्त्रीय नाव भरले, तर एका झाडाचा औषधी उपयोग दुसऱ्या झाडाच्या नावावर जमा होतो. ‘शंखपुष्पी’ या नावाबाबतही हेच घडलेले आहे. वेगवेगळ्या प्रदेशांत निरनिराळ्या वनस्पती या एकाच नावाने वापरल्या जातात.

याच्या उलट स्थिती भाताची आहे. मावळ-मुळशीतील आंबेमोहोर, आजऱ्याचा घनसाळ, अकोल्याचा काळभात ही नावे शेतकऱ्याच्या दृष्टीने स्वतंत्र आहेत. पाणी, जमीन, पिकण्याचा काळ, चव आणि वास यांचे सूक्ष्म भेद या नावांत साठवलेले असतात. शास्त्रीय नावाच्या रकान्यात मात्र या सर्वांसमोर ‘ओरायझा सटायव्हा’ हे एकच नाव येते. जातीच्या पातळीवर विविधता मोजणाऱ्या माहितीसाठ्याला गावातून दहा वाण नाहीसे झाले तरी काहीही कमी झाल्याचे जाणवणार नाही. म्हणजे कुड्याच्या बाबतीत लोकनामाचा एक रकाना अपुरा पडतो, तर भाताच्या बाबतीत शास्त्रीय नावाचा.

नोंदवहीच्या नमुन्यात स्थानिक नाव, शास्त्रीय नाव व वाण असे स्वतंत्र रकाने आहेत ही समाधानाची बाब आहे. अडचण पुढे येते. ही माहिती मोठ्या माहितीसाठ्यात जाते तेव्हा शास्त्रीय नाव ही नोंदीची ओळख ठरते आणि स्थानिक नाव ऐच्छिक पुरवणी बनते. वारली, भिली, गोंडी किंवा कातकरी बोलीतील नाव मराठी प्रमाणलेखनात आणताना एकदा आणि मराठीतून रोमन लिपीत नेताना पुन्हा एकदा बदलते. ज्या व्यक्तीने नाव सांगितले तिलाच ते शेवटी ओळखता येत नाही. या प्रक्रियेत भाषेची प्रतवारी निश्चित होते. शास्त्राची भाषा ‘ज्ञान’ ठरते आणि लोकांची भाषा त्या ज्ञानाचा कच्चा माल.

४. ठिकाणाचा प्रश्न

अचूक ठिकाण हे संवर्धनासाठी जितके उपयुक्त तितकेच शिकाऱ्यासाठी व तस्करासाठीही उपयुक्त असते. दक्षिण चीनमधील ‘गोनियुरोसॉरस लुई’ या पालीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्णनाबरोबर तिचे ठिकाणही प्रसिद्ध झाले. पाळीव प्राण्यांच्या बाजारात तिला इतकी मागणी आली की मूळ ठिकाणावरून ती नाहीशी झाल्याचे काही वर्षांतच, २००६ मध्ये, अभ्यासकांना जाहीर करावे लागले. त्यानंतर याच प्रजातीतील नव्या जातींचे वर्णन करताना अचूक ठिकाण न छापण्याचा निर्णय घेण्यात आला. शोध जाहीर करणे हे विज्ञानाचे मूलभूत कर्तव्य. परंतु येथे त्या कर्तव्याचे पालनच विनाशाला कारणीभूत ठरले.

यावर तांत्रिक उपाय उपलब्ध आहेत. पक्षिनिरीक्षणाच्या काही जागतिक व्यासपीठांवर संवेदनशील जातींची ठिकाणे झाकली जातात. ‘डार्विन कोअर’मध्येही माहिती राखून ठेवली आहे किंवा ढोबळ केली आहे हे सांगण्यासाठी स्वतंत्र रकाने आहेत. परंतु संवेदनशीलता कोणाच्या दृष्टीने ठरवायची, हा प्रश्न या उपायांनी सुटत नाही. प्रचलित विचारात जात दुर्मीळ असेल तर ती संवेदनशील मानली जाते. गावाच्या दृष्टीने मात्र दुर्मीळ नसलेली वस्तूही संवेदनशील असू शकते. देवराईतील एखादी जागा, मध काढण्याचा कडा, उन्हाळ्यातही पाणी न आटणारा डोह, मासे अंडी घालतात ते ठिकाण यांची माहिती नकाशावर गेली की तेथे बाहेरच्या माणसाची वाट तयार होते. पक्ष्याचे घरटे झाकणारी यंत्रणा माणसाच्या उपजीविकेची जागा झाकण्याचा विचार करीत नाही, ही उणीव गंभीर आहे.

५. मालकीचा प्रश्न : लिखित आणि मौखिक

माहिती लिहून ठेवल्याने तिचे संरक्षण होते, हा युक्तिवाद भारतात हळदीच्या पेटंटमुळे दृढ झाला. जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापराबाबत अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लिखित पुरावे सादर केल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचा प्रकल्प सुरू झाला. लिखित पुरावा हे बचावाचे प्रभावी शस्त्र आहे, यात शंका नाही. मात्र हे शस्त्र दुसऱ्याला पेटंट मिळू नये यासाठी आहे. ज्ञान देणाऱ्याला काही मिळावे याची तरतूद त्यात नाही.

लाभवाटपाची तरतूद २००२ च्या कायद्यात होती. ती परदेशी कंपन्यांप्रमाणे भारतीय कंपन्यांनाही लागू होते असा निर्वाळा उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. त्यानंतर २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. या दुरुस्तीने ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’ लाभवाटपाच्या बंधनातून वगळले. मान्यताप्राप्त ग्रंथांत असलेले ज्ञान सर्वांचे आहे, तेव्हा त्याच्या वापरासाठी कोणाला मोबदला का द्यावा, अशी यामागील भूमिका दिसते.

ही भूमिका वरकरणी तर्कशुद्ध वाटली तरी तिचा परिणाम विषम आहे. एकाच वनस्पतीचा गुण ग्रंथातही नोंदलेला असतो आणि एखाद्या कातकरी किंवा माडिया जाणकाराच्या नित्य व्यवहारातही असतो. ग्रंथकाराने हे ज्ञान कोठून मिळविले याची नोंद सहसा नसते. आता उत्पादकाने ग्रंथाचा आधार दाखविला की जंगलातून ती वनस्पती ओळखून, राखून, योग्य ऋतूत काढून आणणाऱ्या समाजाचा दावा दुबळा होतो. लिहिलेले ज्ञान मुक्त आणि न लिहिलेले ज्ञान पुराव्याअभावी असिद्ध, अशा कात्रीत मौखिक परंपरेचा समाज सापडतो. नोंदवही ही या कात्रीतून सुटण्याची वाट ठरावी अशी अपेक्षा होती. परंतु नोंदवहीतील मजकूर कोणी, कोणाच्या परवानगीने व कोणत्या अटींवर पाहावा याची काटेकोर व्यवस्था नसेल, तर नोंदवही गावाचे कपाट न राहता गावाच्या कपाटाची किल्ली ठरते.

६. मुदतीत भरलेली नोंदवही

नोंदवह्यांच्या गुणवत्तेचा विचार त्यांच्या निर्मितीच्या काळाशी जोडून करणे आवश्यक आहे. २०१६ मध्ये देशभरात सुमारे ९,७०० समित्या आणि केवळ १,३८८ नोंदवह्या होत्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ९ ऑगस्ट २०१९ रोजी आदेश देऊन ३१ जानेवारी २०२० ही मुदत ठरविली व त्यानंतर कसूर करणाऱ्या राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. जानेवारी २०२० मध्ये समित्यांची संख्या २,४३,४९९ आणि नोंदवह्यांची ९५,५२५ झाल्याचे नोंदविले गेले. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, हे लक्षात घेता या कामाचा आवाका कळून येतो.

कायदा १७ वर्षे कागदावर राहिला होता, त्यामुळे न्यायाधिकरणाचा हेतू रास्तच होता. परंतु या मुदतीकडे ऋतुमानाच्या दृष्टीने पाहिले तर एक वेगळी गोष्ट दिसते. ९ ऑगस्ट ते ३१ जानेवारी हा काळ सहा महिन्यांपेक्षाही कमी आहे. मृगाच्या पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या रानभाज्यांचा मुख्य हंगाम तोपर्यंत सरत आलेला असतो. मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये पडते. चारोळी उन्हाळ्यात पिकते. तेंदूपानाचा हंगाम मे महिन्यात असतो. म्हणजे गडचिरोली किंवा नंदुरबारच्या गावाचे अर्थकारण ज्या महिन्यांत जंगलावर चालते ते महिनेच या मुदतीच्या बाहेर होते. ज्या गावात काम आधीपासून चालू होते तेथे हे नुकसान झाले नसेल. जेथे आदेशानंतर प्रारंभ झाला तेथे नोंदी प्रत्यक्ष निरीक्षणातून न येता स्मरणातून, किंवा छापील याद्यांतून, आल्या असणार हे उघड आहे.

येथे प्रमाणीकरण व घाई यांचा संबंध लक्षात येतो. साचा तयार असला की तो भरता येतो आणि भरला की काम पूर्ण झाल्याचे दाखविता येते. रकाने मुळात विचारण्यासाठी होते. मुदतीमुळे ते भरण्यासाठी झाले. यातून संख्येने विपुल पण एकसारख्या नोंदवह्या निर्माण होण्याचा धोका असतो. अशी माहिती संगणकीय माहितीसाठ्यात गेल्यावर तिची विश्वासार्हता तपासणे रानपिंगळ्याच्या चिठ्ठीपेक्षाही कठीण होईल. तेथे तुलनेसाठी खरे नमुने तरी होते.

७. ‘समाज’ या संकल्पनेची मर्यादा

गावाला अधिकार द्यावा असे म्हणताना गाव एकजिनसी असते असे गृहीत धरले जाते. केरळमधील काणी आदिवासींचे उदाहरण या गृहीतकाची मर्यादा दाखविते. १९८७ मध्ये काही काणी व्यक्तींनी ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीची माहिती तेथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाच्या शास्त्रज्ञांना दिली. त्यावरून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले. १९९५ मध्ये ते एका औषधी कंपनीला १० लाख रुपये परवाना शुल्क व २ टक्के स्वामित्वधन या अटींवर देण्यात आले आणि संस्थेने त्यातील निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरविले. लाभवाटपाचा हा जगातील सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक होय. तरीही, माहिती काही जणांनी दिली असताना संमती साऱ्या समाजाची कशी मानावी, यावरून काणींमध्येच मतभेद झाले. इतर भागांतील काही जाणकारांनी ज्ञान असे बाहेर देण्यालाच आक्षेप घेतला.

महाराष्ट्रातही हा प्रश्न वेगळा नाही. बियाण्यांचे ज्ञान बहुधा स्त्रियांकडे, औषधीचे वैदूंकडे, गवताचे गुराख्यांकडे आणि माशांचे भोई-कोळ्यांकडे असते. २००४ च्या नियमांनी सात जणांच्या समितीत किमान एक-तृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य असावेत अशी तरतूद केली होती. पण समितीतील आसन आणि नोंदवहीतील आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भटक्या पशुपालकाला तर कोणतेच गाव आपला मानत नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीवर आधारलेल्या नोंदवहीत त्याच्या ज्ञानाला पान कोणते?

८. पर्यायी दिशा

खुल्या माहितीसाठी २०१६ मध्ये ‘फेअर’ तत्त्वे मांडण्यात आली. माहिती सापडावी, मिळावी, जुळावी आणि पुन्हा वापरता यावी असा त्यांचा आशय आहे. त्यांना पूरक म्हणून आदिवासी समाजांच्या हक्कांसाठी कार्यरत असलेल्या ‘ग्लोबल इंडिजिनस डेटा अलायन्स’ने २०१९ मध्ये ‘केअर’ तत्त्वे पुढे आणली. सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, उत्तरदायित्व आणि नीती ही ती चार तत्त्वे होत. पहिला संच माहितीचा विचार करतो, दुसरा माणसाचा. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी काही गोष्टी महाराष्ट्राच्या संदर्भात सुचविता येतात.

पहिली, नोंदवहीचे दोन भाग करावेत. कोणती जात आढळते हा भाग खुला ठेवावा. तिचा उपयोग, काढण्याची पद्धत व नेमके ठिकाण हा भाग ग्रामसभेच्या ताब्यात असावा. दुसरी, माहिती राखून ठेवल्याचा जो रकाना आंतरराष्ट्रीय प्रमाणात आधीच आहे, तो वापरण्याचा अधिकार शास्त्रज्ञाइतकाच ग्रामसभेलाही मिळावा. नवा साचा निर्माण करण्याची त्यासाठी गरज नाही. तिसरी, स्थानिक नाव देवनागरीत, बोलीच्या उल्लेखासह, आवश्यक नोंद म्हणून ठेवावे व वाणांना स्वतंत्र ओळख द्यावी. चौथी, नोंदवहीला ‘पूर्ण’ न म्हणता तिच्यावर ऋतू व वर्ष लिहावे आणि दरवर्षी ती ग्रामसभेत वाचली जावी.

हे अशक्य नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा यांच्या बळावर जंगलाचा अभ्यास व व्यवस्थापन यांची सांगड घातली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला. तेथे माहिती कोणाला सादर करण्यासाठी गोळा झाली नव्हती. निर्णय घेण्यासाठी ती गावालाच हवी होती. माहितीचा पहिला वाचक गाव असेल तर तिची अचूकता टिकविण्यात गावाचे हित असते. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये मान्यता दिलेल्या जनुक कोश प्रकल्पात स्थानिक पीकवाणांबरोबरच वनहक्क क्षेत्रांच्या व्यवस्थापनाचाही समावेश आहे. माहिती आणि हक्क यांचा हा संबंध प्रत्यक्षात कितपत जपला जातो, यावर या प्रकल्पाचे मूल्यमापन व्हावयास हवे.

जनुकीय क्रमाच्या अंकीय माहितीमुळे या प्रश्नाची निकड आणखी वाढली आहे. वनस्पती प्रत्यक्ष हातात न घेताही तिच्या जनुकक्रमावरून उत्पादन करता येते. अशा वापरातून मिळणाऱ्या लाभाचा वाटा गोळा करण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘काली निधी’ सुरू झाला व त्यातील किमान निम्मी रक्कम आदिवासी व स्थानिक समाजांच्या स्वनिर्धारित गरजांसाठी जावी असे अपेक्षित आहे. परंतु मूळ नोंदीत गावाचे व समाजाचे नावच नसेल, तर हा वाटा कोणापर्यंत पोहोचवायचा?

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, जैवविविधता-माहितीचे प्रमाणीकरण आवश्यक आहे. मात्र ते तटस्थ नाही. प्रत्येक रकाना काही विचारतो आणि काही वगळतो. जे वगळले जाते ते बहुतेक वेळा दुर्बल समाजाचे नाव, ठिकाण किंवा श्रेय असते. खुलेपणा हेही स्वयंसिद्ध मूल्य नाही. ज्याच्याकडे वापरण्याची साधने आहेत त्यालाच खुल्या माहितीचा लाभ होतो. यावर माहिती दडविणे हा उपाय नव्हे. ती देण्याचा किंवा न देण्याचा निर्णय ज्याची ती आहे त्याच्याकडे ठेवणे हा उपाय होय. ‘कोणी सांगितले’ या रकान्याला शास्त्रीय नावाच्या रकान्याइतके महत्त्व मिळेल, तेव्हाच लोकजैवविविधता नोंदवहीतील ‘लोक’ हा शब्द सार्थ ठरेल.